विरोधकाचा प्रश्न आणि निराधारांचा ‘पगार’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘विधिमंडळात विरोधी पक्षनेता नसल्याने सामान्य माणसाचं नेमकं काय अडलं? उलट गाडी, बंगला, कर्मचारी यांचा खर्चच वाचला,’ अशा आशयाची दोन-तीन पत्रं गेल्या काही दिवसांत आपल्या सदरात वाचली. मी महसूल खात्यात, मराठवाड्यातल्या तहसील कार्यालयांतून नोकरी करत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं संजय गांधी शाखेत गेली. त्यामुळे काय अडतं, हे मला एका टेबलापुरतं तरी ठाऊक आहे. तेवढ्यापुरतंच लिहितो. पत्र लांबलं तर कात्री लावावी, माझी हरकत नाही.

संजय गांधी शाखा म्हणजे विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि श्रावणबाळ योजनेतली ६५ वर्षांपुढची म्हातारी माणसं. फायलीत ‘अर्थसहाय्य’ लिहितात, गावात मात्र सगळे ‘पगार’ म्हणतात. पगाराचा अर्ज मंजूर व्हायचा म्हणजे तालुका समितीची बैठक व्हावी लागते. समितीचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे सरकार ज्यांचं त्यांचा माणूस. सरकार बदललं की समित्या बरखास्त होतात आणि नव्या समित्यांची नावं पालकमंत्र्यांकडून यायला महिनोन्‌महिने लागतात. समिती नसली तर अधिकाऱ्यांनी बैठक घेऊन अर्ज निकाली काढायला हरकत नसते. पण ‘समिती येईस्तोवर जरा थांबा’ असा तोंडी निरोप वरून येतो, आणि तोंडी निरोपाला जावक क्रमांक नसतो.

अर्ज कपाटात थांबला की काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते कळत नाही. अर्जासोबतच्या उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते. अर्ज पडून राहिला की दाखला शिळा होतो. मग बैठकीच्या आधी छाननी करताना त्या अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा पडतो आणि बाईला नवा दाखला आणायला पाठवलं जातं. म्हणजे उशीर कार्यालयाचा आणि त्रुटी बाईची. नवा दाखला येईपर्यंत ती बैठक उलटून गेलेली असते. पुढची कधी, ते विचारायचं नाही.

अशा एका तालुक्यात (नाव सांगत नाही) मी असताना सरकार बदललेलं होतं, समिती नव्हती, आणि कपाटाच्या खालच्या दोन खणांत अर्जांचे गठ्ठे लाल कापडात बांधून ठेवलेले होते. ते तिथे आहेत हे तहसीलदारांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दर सोमवारी येऊन पायरीवर बसणाऱ्या बायांना ठाऊक होतं. कागदोपत्री मात्र ते कुठेच नव्हते, कारण ‘प्रलंबित’ असा रकाना आमच्या मासिक विवरणपत्रात भरण्याचा आग्रह कोणी धरत नव्हतं. ‘निरंक’, म्हणजे शून्य, लिहिलं की विषय संपायचा.

मग एक दिवस तो कागद आला. वर तांबड्या शाईत ‘विधानसभा तारांकित प्रश्न. अतितातडीचे. आजच.’ ज्यांनी हा कागद पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याचा साचा सांगतो. ‘(१) अमुक जिल्ह्यातील अमुक तालुक्यात निराधार योजनेचे अर्ज अनेक महिन्यांपासून प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय? (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ विचारणारे सदस्य विरोधी बाकांवरचे, शेजारच्या मतदारसंघातले. त्यांना आमच्या तालुक्यातून मतं मिळणार नव्हती. पायरीवरच्या बायांपैकी कोणाचा तरी भाऊ त्यांच्या गावचा होता, एवढाच धागा.

हा कागद विधिमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या सामाजिक न्याय विभागात, तिथल्या कक्ष अधिकाऱ्याकडून विभागीय आयुक्त, मग जिल्हाधिकारी, मग तहसीलदार असा उतरत उतरत शेवटी माझ्या टेबलावर येतो. आणि गंमत अशी की उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून द्यायचं असलं तरी त्यातला आकडा मला भरायचा असतो. त्या आठवड्यात लाल कापडं सुटली. गठ्ठे मोजले. नुसते मोजले नाहीत, किती महिन्यांपासूनचे, किती अर्ज त्रुटीतले, किती पात्र, गावनिहाय यादी. सोबत ‘पूरक टिपणी’ लागते. मंत्रिमहोदयांना उभं राहिल्यावर कोणता उपप्रश्न येईल याचा अंदाज करून दहा संभाव्य प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून पाठवायची. समिती का नाही? नसेल तर अधिकाऱ्यांनी बैठक का घेतली नाही? किती अर्जदार मंजुरीची वाट पाहत मरण पावले? हा शेवटचा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या कचेरीतल्या एका जुन्या नायब तहसीलदारांनी घालायला लावला. ‘विरोधातला माणूस आहे, हे विचारणारच,’ म्हणाले. त्यासाठी तलाठ्यांकडून माहिती मागवली तेव्हा कळलं की असे अर्जदार आहेत. त्याआधी ते कोणी मोजलेच नव्हते.

पुढचं असं. वरून आता लेखी आदेश आले. बैठक लागली, अर्ज मंजूर झाले, यादी बँकेला गेली. दरम्यान विभागाकडे अद्ययावत माहिती गेली: प्रलंबित अर्ज निरंक. सभागृहात छापील उत्तर आलं ते असं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ उत्तराच्या तारखेला ते खरंच खरं नव्हतं! दुसऱ्या दिवशी स्थानिक सत्ताधारी मंडळींनी ‘विरोधी आमदार तोंडघशी’ म्हणून पेढे वाटले. पायरीवरच्या बायांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांचा पगार पडला.

सांगायचं ते एवढंच. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, ज्या गोष्टीची गणती केली तर आपली अडचण होईल ती गोष्ट ते आपण होऊन मोजत नाही. ती मोजायला लावण्याचं काम प्रश्न करतो, आणि तो प्रश्न बहुधा विरोधी बाकावरून यावा लागतो. सत्ताधारी सदस्यही प्रश्न विचारतात, काही फार चांगले विचारतात. पण त्यांच्या प्रश्नासोबत वरून एक फोन हमखास येतो, ‘सदस्यांशी बोलणं झालंय, मोघम दिलं तरी चालेल.’ विरोधकाच्या प्रश्नाला तो फोन येत नाही. मोघम दिलं तर सभागृहात साहेबांची पंचाईत होईल, ही भीती असते. तालुक्याच्या टेबलावर ती भीती फार उपयोगी पडते.

आता विरोधी पक्षनेत्याकडे येतो. २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या पक्षाला १० जागा मिळाल्या. या पदासाठी एक दशांश जागा लागतात असं सांगतात. एक दशांश म्हणजे २९, तेवढ्या कोणाकडेच नाहीत, म्हणून विधानसभेतलं पद रिकामं. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाच्या भास्कर जाधव यांच्या नावाचं पत्र अध्यक्षांकडे गेलं, त्याचं पुढे काही झालं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि तिथलीही खुर्ची मोकळी झाली. डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडलं.

आमच्या खात्यात एक सवय असते. कोणी ‘नियमात बसत नाही’ म्हणालं की ‘नियम दाखवा’ म्हणायचं. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा महाराष्ट्राचा १९७८ चा कायदा आहे. विरोधात संख्येने सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच त्यात आहे. एक दशांशाची अट तिथे नाही, ती प्रथेतून आली. आणि प्रथाच पाहायची तर आपल्याच विधानसभेची पाहा. १९८५ ला निवडून आलेल्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे १३ आमदार होते आणि त्या पक्षाचे दत्ता पाटील विरोधी पक्षनेते झाले. त्याच विधानसभेत जनता पक्षाच्या मृणाल गोरे यांनीही ते पद सांभाळलं. जनता पक्ष २० जागा जिंकून आला होता. म्हणजे आज ठाकरे गटाच्या आहेत तेवढ्याच. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी ६७ जागा ‘आप’ला मिळाल्या, भाजपचे तीनच आमदार आले, तरी त्यांच्या विजेंद्र गुप्तांना हे पद दिलं गेलं. तीनवाल्याला मिळालं, वीसवाल्याला नाही, हे आमच्या छाननीत ‘त्रुटी’ म्हणून निघालं असतं.

माहिती अधिकार कायदा तर याहून शहाणा निघाला. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तो समजावा, असं त्या कलमातच २००५ साली लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला माणसं ओळखता येत होती.

‘पण प्रश्न तर साधा आमदारही विचारतो, त्याला नेता कशाला?’ असंही एका पत्रलेखकाने म्हटलंय. खरं आहे, विचारतो. मात्र उत्तर मोघम आलं की पुढे काय? सभागृहात नेता उठला की त्याला बोलू द्यावं लागतं, ही रीत आहे. एखाद्या नवख्या सदस्याचा प्रश्न मंत्री टोलवतो तेव्हा मागून तो उभा राहतो आणि ‘मंत्रिमहोदय, आकडा सांगा’ म्हणतो. त्याच्याकडे कार्यालय असतं, माणसं असतात, गेल्या अधिवेशनातलं उत्तर काढून या अधिवेशनातल्या उत्तराशेजारी ठेवणारं कोणी तरी असतं. आश्वासनं ९० दिवसांत पुरी करायची असतात, तीही कोणी वहीत टिपून ठेवावी लागतात. खर्च वाचला म्हणता तो हाच.

मी एका पक्षाची वकिली करतोय असं कोणाला वाटू नये म्हणून हेही लिहितो. सप्टेंबर २०२० मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, करोनाचं कारण सांगून दोन दिवसांत अधिवेशन उरकलं, त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. नेमकं त्याच वर्षी दवाखाने, रेशन, मजुरांचे हाल यांवर विचारण्यासारखं सर्वांत जास्त होतं. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यावर जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला अध्यक्षच नव्हते, उपाध्यक्षांवर काम चाललं. आणि महायुतीचं सांगायचं तर डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मंत्र्यांचे शपथविधी झाले, पण खातेवाटप झालं ते २१ तारखेला, अधिवेशन आटोपल्यावर. आठवडाभर बिनखात्याचे मंत्री सभागृहात बसले होते. निराधारांच्या पगाराबद्दल विचारायचं तर कोणाला विचारणार?

विरोधकांचंही काही कमी नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर कांद्याच्या, कापसाच्या माळा घालून सकाळी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि मग आत गोंधळ घालून प्रश्नोत्तराचाच तास घालवायचा, ही कसली रीत? ज्या प्रश्नासाठी खाली महिनाभर माहिती गोळा झाली तो पुकारला जातो तेव्हा विचारणारा जागेवर नसतो, असंही होतं. जुलै २०२५ च्या अधिवेशनातल्या, एका मंत्र्याच्या मोबाइलवरच्या कथित रमीची जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशानेही त्या अधिवेशनातल्या लेखी उत्तरांची झाली नाही. आपल्या वृत्तपत्रासकट.

आता विचारायला हवेत असे प्रश्न किती पडलेत, ते पाहा. ‘लाडकी बहीण’ला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. संजय गांधी निराधारला, दिव्यांग सोडले तर, २१ हजार. दिव्यांग सोडले तर देतात दोन्हीकडे १५०० च. २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. रोजगार हमीवर वर्षातले शंभर दिवस गेलेली विधवासुद्धा खऱ्या हिशेबाने त्यात बसणार नाही. म्हणून सगळी यंत्रणा मिळून २१ हजाराच्या आतला दाखला तयार करते. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, तपासणाऱ्यालाही ठाऊक. एकाच सरकारच्या दोन खात्यांत गरिबीची दोन मापं का, हे विचारलं की वित्त विभागाकडे बोट दाखवतात. उभ्या सभागृहात विचारलं तर बोट दाखवून भागत नाही.

किंवा केंद्राचं पाहा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांना महिन्याला २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून २०० च आहे. बाकीचे १३०० राज्य घालतं. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने ही रक्कम वाढवा म्हणून पुनःपुन्हा शिफारस केलीय. आपले खासदार दिल्लीत विचारतात, लेखी उत्तर येतं, फाइल होते.

आणि एक अगदी शेजारचं. डिसेंबर २०२४ पासून निराधार आणि श्रावणबाळचे पैसे तहसीलकडून बँकेत यादी जाण्याऐवजी थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाऊ लागले. मधले हात गेले, चांगलं झालं. पण आमच्या गल्लीतल्या एका ऊसतोड करून थकलेल्या बाईंचा पगार बंद पडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन त्या माझ्याकडे आल्या. तहसीलमध्ये सांगितलं, पैसे गेलेत. बँकेत सांगितलं, आलेले नाहीत. दोघंही खरं बोलत होते. कधी तरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्यांच्या नावाने मोबाइलवरचं एक खातं उघडलं होतं, आधार शेवटचं त्याला जोडलेलं, आणि पैसे तिकडे साचत होते. शोधायला केंद्रावर नेलं तर कोयत्याने बोटांच्या रेषा गेलेल्या, अंगठा उमटेना. शेवटी डोळ्याच्या यंत्रावर काम झालं आणि पैसे सापडले.

अशा बाया राज्यात किती आहेत? कोणाच्या विवरणपत्रात हा रकाना नाही. सरकारच्या लेखी पैसे वितरित झाले, तक्रार निरंक. ‘वितरित झालेल्या रकमेपैकी लाभार्थ्याला माहीत नसलेल्या खात्यात किती गेली?’ असा एक तारांकित प्रश्न पडला तर पंधरा दिवसांत प्रत्येक तालुक्यात कोणी तरी कारकून यादी घेऊन बसेल. प्रश्नाशिवाय बसणार नाही. मी बसलो नसतो.

‘लाडकी बहीण’मधले सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी निकषांत बसत नसल्याची माहिती महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जुलै २०२५ मध्ये दिली. दिली ती समाजमाध्यमावर, आणि पावसाळी अधिवेशन १८ जुलैला संपल्यानंतर. एवढा मोठा आकडा सभागृहात उभं राहून सांगितला असता तर लगेच उपप्रश्न आले असते. छाननी पैसे देण्याआधी का झाली नाही, अपात्र ठरवलेल्यांत चुकून अडकलेल्या किती, त्यांनी दाद कुठे मागायची? समाजमाध्यमावर खाली अंगठे येतात, उपप्रश्न येत नाहीत.

तेव्हा दोन विनंत्या. अध्यक्ष व सभापती महोदयांनी विरोधी पक्षनेत्यांच्या मान्यतेवर होय किंवा नाही, जे असेल ते कारणासह लेखी द्यावं. ‘विचाराधीन’ हा शेरा किती काळ चालतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. दुसरी विनंती आपल्याला. अधिवेशनाच्या दिवसांत रोज आपल्या जिल्ह्यापुरते तारांकित आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न व त्यांची उत्तरं अर्ध्या रकान्यात छापा. उत्तरं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, पण आपल्या तालुक्याचं त्यातून शोधून काढणं सामान्य माणसाला जिकिरीचं आहे. ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की त्या तालुक्यातल्या आपल्या वार्ताहराला तहसीलच्या पायरीवर पाठवा आणि विचारू द्या, खरं नाही ते आजपासून की आधीपासूनच. शोधायला माणूस नसेल तर मी आहे. ही भाषा मला वाचता येते.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, मराठवाडा
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, तो छापू नये ही विनंती.)